माटवीखालचं घर

थांगमो तलावावर सकाळ आवाज न करता होते. समोरच्या हिमकड्याची धार आधी गुलाबी होते, मग तो रंग हळूहळू खाली ओघळतो आणि पाण्याला टेकला की निळा होऊन जातो. हे बघायला मिळावं म्हणून उर्वी राऊळ कामाला रोज थोडी लवकर बसायची. पायाखाली गोठलेली खडी करकरायची, तळव्यांना गारवा झोंबायचा, आणि कड्यावरून एखादा बर्फाचा तुकडा सुटला की त्याचा आवाज पाण्यावरून चालत आल्यासारखा उशिराने यायचा.

तळवे मात्र तिचे नव्हते. ते कायेचे होते.

काया म्हणजे दोन पायांवर चालणारं आणि दोन हातांनी खणणारं यंत्र. हिमाचलात, लाहौलच्या डोंगरांत, माणसाचा श्वास अपुरा पडतो अशा उंचीवर ते उभं असायचं. उर्वी स्वतः बसलेली असायची कोकणात, माणगाव खोऱ्यातल्या आपल्या घराच्या पडवीत, आंब्याच्या झाडाकडे पाठ करून. तोंडावर मुखवटा, हातांत मोजे, पायांत मोजे. कायेला जे दिसेल, लागेल, टोचेल, ते सगळं तिच्यापर्यंत पोचायचं आणि ती जशी हलेल तशी काया हलायची.

थांगमोचं पाणी दगडमातीच्या एका सैल बांधामागे अडलेलं होतं. हिमनदीनेच मागे हटताना तो बांध सोडलेला. बर्फ दर उन्हाळ्यात जास्त वितळत होता, पाणी चढत होतं, आणि बांध फुटला तर खालच्या खोऱ्यातली गावं झोपेतून उठायच्या आत वाहून गेली असती. म्हणून बांधाला एक चर खणायचा, अगदी हळूहळू, पाण्याच्या कलाने. कुठला दगड काढला तर बाकीचे जागचे हलणार नाहीत, हे ठरवायचं काम उर्वीचं. भूशास्त्र शिकताना तिने पुष्कळ दगड पाहिले होते, पण एखाद्या दगडाची इतकी मनधरणी करावी लागेल असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"उर्वी दीदी, बस करो अब," खालच्या तळावरून आंगमो म्हणायची. ती लाहौलचीच, कायांची देखभाल करायची. "हवा उठ रही है. घर जाओ."

घर जाओ. उर्वी मुखवटा काढायची. पडवीत दुपारचं ऊन आलेलं असायचं, कावळा चिऱ्याच्या गडग्यावर बसून बघत असायचा. आणि काही क्षण तिला कळायचं नाही की आपण कुठे आहोत. डोळ्यांत निळं पाणी तसंच राहिलेलं असायचं. भाताच्या पेजेची वाफ नाकाशी यायची आणि तिला वाटायचं, ही इथे बर्फात कुठून आली?

"जेवताना पण डोळे थंयच," शेजारच्या सुलूकाकी म्हणायच्या. उर्वी कामात असेपर्यंत आबांकडे बघायला त्या येऊन बसत. "ताटात काय पडलां ता तरी बघ गो. कुळीद आसत का दगड?"

"दोन्ही, काकी," उर्वी म्हणायची.

आबा हसायचे. ते उर्वीचे वडील. सगळे हसले की हसायचे, पण हल्ली कशाला ते त्यांना ठाऊक नसायचं. आणि ऊन कलायला लागलं की ते उठायचे, खुंटीवरची टोपी घालायचे, दरवाजात उभे राहायचे.

"चल गो बाय. घराक जावया."

"आबा, ह्यां आपलांच घर."

"ह्यां?" ते मागे वळून बघायचे. भिंत, कपाट, उर्वीच्या लहानपणीचा फोटो. मग अगदी नम्रपणे, परक्या घरचा पाहुणचार घेतलेल्या माणसासारखे म्हणायचे, "बरां आसा. पण आपलां नाय."

मग उर्वी त्यांचा हात धरायची आणि दोघं जण 'घरी' निघायची. बांधावरून, सुपारीच्या बागेतून, व्हाळाच्या साकवापर्यंत, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलापर्यंत. तिथे पोचेपर्यंत आबा कशासाठी निघालो ते विसरायचे. मग परत.

*

ज्या काळातली ही गोष्ट, त्या काळात राज्यांना स्वतःचा आयकर लावण्याचा हक्क मिळून बरीच वर्षं झाली होती. माणूस एका राज्यात राहून दुसऱ्या राज्यात काम करत असेल, तर त्याने दोन विवरणं भरायची. काम केलं त्या राज्यात पाहुणा म्हणून, आणि राहतो त्या राज्यात घरचा म्हणून. पाहुण्या राज्याला दिलेला कर घरच्या करातून वजा व्हायचा. इथपर्यंत सगळं सोपं होतं. बांदा-दोडामार्गची अर्धी पोरं रोज गोव्यात जाऊन संध्याकाळी परत येत. त्यांना हे पाठ होतं.

गोंधळ घातला तो कायांनी. काम हिमाचलच्या मातीवर झालं, असं हिमाचल म्हणे. काम करणारी खुर्चीतून उठलीसुद्धा नाही, असं महाराष्ट्र म्हणे. भांडण वर गेलं आणि शेवटी निकाल असा लागला, की माणसाचं मन ज्या राज्यात, त्या राज्याचा कर. वर्षातला अर्ध्याहून जास्त जागेपणीचा वेळ मन जिथे असेल, ते त्याचं राहतं राज्य.

ऐकायला हे एखाद्या कीर्तनातलं वाक्य वाटतं. पण तोवर मन कुठे आहे ते मोजता येऊ लागलं होतं.

आपल्या मेंदूत, कानांच्या आतल्या बाजूला खोलवर, समुद्रघोड्यासारखा वळलेला एक भाग आहे. त्यात स्थानपेशी असतात. तुम्ही खोलीत खिडकीशी गेलात की त्यांतल्या काही पेटतात, दाराशी गेलात की दुसऱ्या. सगळ्यांचं मिळून त्या जागेचं चित्र बनतं, आणि प्रत्येक जागेचं चित्र वेगळं. पेशी त्याच, फक्त त्यांची मांडणी नवी. जणू त्याच दाण्यांची निराळी रांगोळी. पेशी पेटताना अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते कवटीच्या बाहेरून टिपणारे संवेदक पूर्वी खोलीएवढ्या यंत्रात बसत, आता कपाळावरच्या कापडी पट्टीत बसायला लागले होते. तिला म्हणायचे ठावपट्टी.

पट्टीला एकदाच शिकवावं लागे. ती बांधून आपल्या घरातून तासभर फिरायचं. मेंदूत उमटणारं चित्र पट्टी साठवून ठेवायची. ती झाली 'घराची खूण'. पुढे वर्षभर पट्टी एकच काम करायची, आत्ताचं चित्र त्या खुणेशी जुळतं का ते बघायचं. जुळलं की कडेचा दिवा हिरवा. नाही जुळलं की निळा, म्हणजे घराबाहेर, कामाच्या राज्यात.

उर्वीची पट्टी निळी होती. कामाच्या वेळी निळी हे ठीकच. पण जेवताना, आबांचे केस विंचरताना, ओटीवर बसून पाऊस बघतानाही निळीच. पहिल्या काही दिवसांत हिरवी झाली होती, मग थांगमोचं काम सुरू झालं आणि त्यानंतर कधीच नाही. उर्वीने आरशात बघणं कमी केलं होतं.

*

केळुसकरांची कचेरी कुडाळच्या बाजारपेठेत, एका बेकरीच्या माडीवर होती. ते करसल्लागार. विवरणं भरण्याचे दिवस असल्याने जिन्यापर्यंत माणसं बसलेली.

"ये गो उर्वी, बस," ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "तू पण गेलंस काय हिमाचलाक?"

"काय करणार, काका. पट्टी तसं म्हणते."

"यंदा अर्धो जिल्हो परराज्यात गेलो बघ. तो तेंडोलीचो सामंत, केरळात नारळ उतरवणारी काया चलवता, तो गेलो केरळाक. पिंगुळीची दोन चेडवां गुजरातेत गेली. खुर्चेतसून कोण उठाक नाय, पण गेली." ते हसले, मग तिच्याकडे नीट बघून थांबले. "तुझां वेगळां आसा पण."

"म्हणजे?"

केळुसकरांनी चष्मा काढला. अवघड बोलायचं असलं की ते मालवणी सोडून पुस्तकी मराठीत शिरत. "कर इथे भर नाहीतर तिथे भर, त्याने फार बिघडत नाही. पण तुझे वडील स्मृतिभ्रंशाचे रुग्ण. त्यांना घरी सांभाळायची परवानगी तुझ्या नावावर आहे, आणि त्यात अट आहे की सांभाळणारी व्यक्ती या राज्याची रहिवासी हवी. तू हिमाचलची रहिवासी ठरलीस की परवानगी आपोआप संपते. मग त्यांना ओरोसच्या स्मृतिनिवासात हलवतील."

"मी घरातच असते! त्यांच्यासमोर!"

"तुझा देह असतो," केळुसकर हळूच म्हणाले. "अट लिहिणाऱ्यानेही तसा वाईट विचार केला नव्हता. समोर बसून लक्ष नसलेली माणसं त्याने पाहिली असतील."

उर्वीला हे लागलं. कारण ते खोटं आहे असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना. निळं पाणी डोळ्यांत घेऊन ती आबांना भरवत होती हे खरंच होतं.

"एक चाचणी मागता येते," केळुसकर म्हणाले. "निरीक्षक घरी येतो, त्याच्या समोर पट्टी तपासतात. पण ती एकदाच. त्यातही निळी निघाली तर मग काही नाही. करू अर्ज?"

"करा."

"विचार कर. पट्टी खोटी निघाली असं आजवर ऐकण्यात नाही."

*

एसटीच्या खिडकीशी बसून उर्वी स्वतःचीच तपासणी करत राहिली. बाहेर लावणी चालू होती, चिखलात वाकलेल्या बायकांच्या इरल्यांवरून पाणी निथळत होतं. हे माझं नाही का? ती स्वतःला विचारत होती. मग हे बघून आत काहीतरी ओलं होतं ते काय आहे? पण पट्टीला ओलं-कोरडं कळत नव्हतं. पट्टीला जुळतं की नाही तेवढंच कळत होतं.

घरी पोचली तेव्हा आबा टोपी घालून दरवाजात उभे होते आणि सुलूकाकी त्यांना चहाची लालूच दाखवत होत्या.

"इलंस? बरां झालां. आबांका आज लवकर घराक जावचां आसा."

"चला आबा," उर्वी म्हणाली. आणि मग, कधी नव्हे ते, तिने विचारलं, "आपलां घर कसां आसा, आबा? सांगा मगे. म्हणजे माका सापडात."

आबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हे आजवर कुणी का विचारलं नाही!

"वर बघलां काय माटवी दिसता," ते म्हणाले. बोट वर करून. "नारळ. कवंडळां. लाल लाल. आणि वास. खाली सगळे बसलेले. तुझी आवस नेवऱ्ये तळता." मग त्यांनी आई नसलेल्या या घराच्या छताकडे बघितलं. तिथे माटवीची लाकडी चौकट चार दोरांवर उघडीच लटकत होती, वर्षभर लटकते तशी. "हंय काय्येक नाय. मगे ह्यां घर आपलां कसां?"

माटवी म्हणजे कोकणातल्या घरी चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती लाकडी जाळी. तिला नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, चिबूड, कवंडळांसारखी रानातली फळं, फुलं टांगतात. पावसाने त्या वर्षी जे जे दिलं ते सगळं छतातून खाली लोंबत असतं.

उर्वी खाली बसली. उंबरठ्यावरच.

आबांनी आयुष्यभर ओडिशातल्या एका बंदरावर क्रेन चालवली. रजा मिळायची ती फक्त चतुर्थीला. दर वर्षी गणपतीबरोबर यायचे, विसर्जनानंतर जायचे. ट्रंक आधीच दारात बांधून ठेवलेली असायची. रंगवलेल्या भिंती, ओटीवर अंथरलेल्या चटया, माजघरातून पडवीत सरकवलेलं कपाट, उदबत्ती आणि पिकलेल्या चिबडाचा वास, आणि डोक्यावर माटवी. एवढंच घर त्यांच्या मेंदूने पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. उघड्या चौकटीचं, कपाट जागेवर असलेलं, शांत घर निवृत्त झाल्यावर त्यांच्या वाट्याला आलं. ते त्यांनी शिकून घेतलं होतं खरं, पण उशिरा शिकलेलं आधी पुसलं गेलं. राहिलं ते जुनं.

आणि मग दुसरी गोष्ट तिच्या डोक्यात अशी लख्ख उभी राहिली, की ती मोठ्याने म्हणाली, "चतुर्थी!"

"ती अजून लांब आसा," सुलूकाकी म्हणाल्या.

"नाही काकी. पट्टी! आपल्या वाडीतल्या पट्ट्यांना घराची खूण कधी शिकवली?"

"चतुर्थेक नाय तर कधी? सगळे चाकरमानी इल्ले. तो पट्टीवालो पोरगो म्हणालो, एकदम सगळ्यांचा करून टाकतंय."

तेच. पट्टीच्या कंपनीचा तो शहरातला पोरगा गावात अशाच दिवसांत आला होता, जेव्हा एकाही घराला कुलूप नसतं. एका फेरीत सगळी वाडी उरकली, बहुधा सगळा जिल्हा. उर्वी त्या दिवशी तासभर फिरली ती माटवीखालून, पाहुण्यांच्या पंगतींतून, हलवलेल्या कपाटाला वळसा घालून. पट्टी तेच चित्र शिकली. जागेचा आकार बदलला, वास बदलला, की स्थानपेशी रांगोळी पुसून नवी काढतात. उंदरांवरचे हे प्रयोग तिने पट्टी मिळाली तेव्हा कुतूहलाने वाचले होते. चतुर्थीचं घर आणि भाद्रपद सरल्यावर, दिवाळी सरल्यावर उरणारं रोजचं घर, ही मेंदूच्या लेखी दोन वेगळी घरं होती. यंत्राला सण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. गणपती पाण्यात गेले, माटवी उतरली, कपाट जागेवर गेलं, आणि सगळा जिल्हा एका दिवसात परराज्यात गेला.

"काकी," ती म्हणाली, "माटवी बांधायची."

"गणपती नाय आणि माटवी? पिसां लागलां काय? गाव हसात."

"हसांदे."

"आणि देव?"

"देवाक सांगू, जरा आधी बांधलंव म्हणून. तो काय पाहुणो आसा? घरचोच आसा."

सुलूकाकी पदर खोचून म्हणाल्या, "कवंडळां अजून हिरवी आसतली. सांगून ठेवतंय."

*

निरीक्षक आला तो सडपातळ, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला तरुण होता. रोशन उईके. गडचिरोलीचा.

"लय दूर हाय ताई तुमचं घर," तो पाय धूत म्हणाला. "साकवावरून येताना वाटलं, आता माझंच विवरण वरती भरावं लागते." मग आत येऊन त्याने वर पाहिलं.

माटवी पुरती भरलेली नव्हती. जुलैत जे मिळेल ते. शेंडीचे नारळ, सुपारीचा एक घोस, कोवळी काकडी, पडवळ, आंब्याचे डहाळे, शेरवाडाची पांढरी पानं, तेरड्याच्या जुड्या, आणि सुलूकाकींनी कुठून तरी धुंडून आणलेली हिरवीकच्च कवंडळं. कपाट पडवीत सरकवलं होतं. चटया अंथरल्या होत्या. वाडीतली माणसं मजा बघायला आली होती, ती आपोआपच पंगतीसारखी बसली होती. आत काकी नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होत्या.

आबा माटवीखाली भिंतीला टेकून बसले होते. आदल्या दिवशी ती बांधल्यापासून त्यांनी टोपी मागितली नव्हती.

"हे काय बांधलं जी?" उईकेने विचारलं.

उर्वीने सांगितलं. माटवीचं, कपाटाचं, चतुर्थीला आलेल्या त्या पोराचं, रांगोळीचं. उईके लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "पट्टी बांधा."

तिने बाहेर ओटीवर जाऊन ती कपाळाला बांधली. दिवा निळा होता. ती दरवाजातून आत आली, कपाटाला वळसा घालून माटवीखाली गेली. वर बघितलं. तळणीचा वास आला. कुणीतरी हसलं, कुणीतरी "सरक रे" म्हणालं. एक नारळ वाऱ्याने किंचित हलला. तिला लहानपणी इथेच आडवं पडून बघितलेलं आठवलं, झोप येताना फळं तरंगायला लागायची, आकाशातून लोंबल्यासारखी.

"हिरवा!" पंगतीतून कुणीतरी ओरडलं. आणि सगळ्यांनी हातातलं टाकून टाळ्या वाजवल्या, आबांनीसुद्धा.

उईके हसला. "आमच्याकडे मोहफुलं पडतात ना, तेव्हा सारं घर झाडाखाली असते. तवा कुणी खूण घेतली असती, तर मी पण वर्षभर परदेशीच." मग गंभीर झाला. "पण ताई, यानं खूण चुकली एवढंच सिद्ध झालं. तुमचं मन वर्षभर इथं होतं हे नाही झालं. हे सगळं काढा, घर रोजच्यासारखं करा, आणि तासभर फिरा. ती नवी खूण लावून मी गेलं वर्ष पुन्हा मोजतो. पट्टीत सगळं साठलेलं असते."

उर्वीला ठाऊक होतं की हे येणार. चूक सापडल्याच्या आनंदाखाली तो प्रश्न होताच. खूण दुरुस्त झाली आणि तरीही वर्ष निळंच निघालं तर?

आबांना सुलूकाकी साकवाकडे फिरायला घेऊन गेल्या, मगच माटवी उतरवली. माणसं गेली. कपाट जागेवर आलं. घर गप्प झालं. उर्वी फिरू लागली. चुलीशी गेली, न्हाणीघराशी गेली, आबांच्या खाटेशी. इथे ती रोज त्यांची बटणं लावायची. इथे पाय चेपायची. पडवीत खुर्ची होती, तिच्याजवळून जाताना तळवे गार झाले आणि तिने स्वतःला अडवलं नाही. तेही या घरातलंच होतं.

उईकेने मोजणी लावली. पडद्यावर दिवसांमागून दिवस सरकू लागले, शेवाळ चढावं तसे हिरवे होत गेले. सकाळ निळी, मग दुपार, संध्याकाळ हिरवी. पण दर दुपारी, मुखवटा काढल्यानंतर, निळ्याचा एक पट्टा हिरव्यात शिरलेला होता. कधी बारीक, कधी रुंद.

"हे काय?" उईके म्हणाला. "काम संपलं होतं ना तेव्हा?"

"काम संपलं होतं," उर्वी म्हणाली. "मी नव्हते आले. ते हिमाचलचं. लिहा तसं."

"लिहू? न लिहिता येते. चूक म्हणून सोडतात."

"चूक नाही ती. तिथे मी कुणाच्या तरी गावावरचं पाणी धरून असते. लगेच नाही सुटत हातातून. त्याचा वाटा त्यांना जाऊ दे."

त्याने लिहिलं. निळं सगळं धरूनही हिरवं बरंच जास्त होतं. उर्वी राऊळ, राहतं राज्य महाराष्ट्र. हिमाचलात पाहुणी. आबा घरीच राहणार होते.

"आता शेवटचं," उईके पट्टी हातात घेऊन म्हणाला. "खूण दर वर्षी एकच ठेवता येते. गेल्या वर्षाला ही रिकाम्या घराची लावली. चालू वर्षाला कोणती ठेवू? हीच बरी. रोजचं घर हे."

तेवढ्यात आबा परत आले. दारात थांबले. वर उघडी चौकट. त्यांचा हात खुंटीकडे गेला, टोपी शोधू लागला.

"काकींनू," ते हळू आवाजात म्हणाले, "घर चुकलां आमचां."

उर्वीने कोपऱ्यात काढून ठेवलेल्या नारळांकडे बघितलं.

"जुनीच राहू दे," ती म्हणाली.

"माटवीवाली? ताई, मग ते वर्षभर बांधून ठेवावं लागंल. नाहीतर पुन्हा निळं."

"ठेवीन."

"फळं सडतील जी."

"सडली की दुसरी लावीन. पावसात काकडी, थंडीत तोरिंजन, उन्हाळ्यात आंबे."

*

माटवी राहिली. गाव हसला, मग हसून झालं, आणि मग जाता-येता कुणी एखादा केळ्यांचा घड, कुणी अननस, कुणी दोन चिबूड आणून द्यायला लागलं. केळुसकरांनी अर्ध्या जिल्ह्याला परत आणण्याच्या कामात पुढचे कितीतरी आठवडे घालवले. थांगमोचं पाणी चराच्या कलाने इंच इंच उतरत होतं. आंगमोने एकदा विचारलं, दीदी, घर में क्या है जो आजकल बोलने से पहले ही चल देती हो? तर उर्वी म्हणाली, त्योहार.

त्या दुपारी तिने मुखवटा काढला तेव्हा डोळ्यांत अजून निळं पाणी होतं. ते घेऊनच ती आत गेली. निळ्यातून एकेक गोष्ट वर आली, आधी नारळ, मग आंब्याची पानं, मग खाली भिंतीला टेकलेले आबा. टोपी खुंटीवर होती. पण त्यांचा चेहरा काळजीत होता. दाराकडे बघत होते, जिथे कधीकाळी त्यांची ट्रंक बांधून ठेवलेली असायची.

"उर्वी," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी तिला नावाने हाक मारली होती. "आज कितवो दिस गो? रजा संपली काय?"

ती त्यांच्या शेजारी चटईवर बसली. वर एक पिकला आंबा दोरावर हळूहळू फिरत होता.

"नाय आबा," ती म्हणाली. "आज पयलोच."